सरळ कापलेली कड

सासूबाईंनी आपला ग्रंथ धाकट्या सुनेला दिला तेव्हा थोरली जाऊ हसत म्हणाली, "हिच्या हातात पुस्तक गेलं की ही आधी त्याची पाठ बघते, मग पोट."

बोलणं झोंबणारं होतं, पण खोटं नव्हतं. धाकटी बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होती. ग्रंथ हातात घेतल्या घेतल्या तिचा अंगठा कण्यावरून फिरला. शिलाई ढिली झालेली, कड उंदराने चाखून सोडल्यासारखी, पानांचे कान जिथे तिथे दुमडलेले. तिचे हात शिवशिवले. थोरलीला डावलून आपल्याला का दिला, हे मात्र तिला कळलं नाही, आणि विचारायची छाती झाली नाही.

"सकाळी अंघोळ करून बसायचं," सासूबाईंनी बजावलं. "एका जागी. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मध्येच उड्या मारायच्या नाहीत. मी काय सांगते?"

"उड्या मारायच्या नाहीत."

ती बसली. मनापासून बसली. पण तिची शाळा लवकर सुटलेली. वाचायला ती पुढे पुस्तकं शिवता शिवता, उलटीसुलटी पानं बघूनच शिकली होती. मांडी घालून हात मोकळे ठेवले की तिचं डोकं बंद पडायचं. पान संपायचं तेव्हा हाती एवढंच लागायचं, की कपडे भिजत घालायचे राहिले. मग पुन्हा वरून सुरुवात. तिसऱ्यांदा तेच पान वाचताना तिला डुलकी लागली आणि ग्रंथ मांडीवरून घसरला. तिने तो उचलून कपाळाला लावला, आणि दिवसभर आपण कुणाच्या तरी तोंडावर जांभई दिल्यासारखं तिला वाटत राहिलं.

अशाच एका सकाळी पहिला फर्मा सुटून हातात आला. फर्मा म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा; असे फर्मे एकमेकांना शिवले की पुस्तक होतं. कारखान्यात नेऊन परत शिवू म्हणून तिने तो एप्रनच्या खिशात टाकला. तिथे मोठ्या कामाची घाई होती. घड्या घालता घालता तिने फर्मा समोर टेकवून ठेवला. एक ओळ वाचायची, एक घडी घालायची. ओळ पुटपुटायची, घडी पक्की बसायला तिच्यावर हाडाची पट्टी फिरवायची. सुट्टी व्हायच्या आत तो अध्याय तिच्या तोंडात बसला होता. नुसता बसला नव्हता, भांडतही होता.

"दार उघडणाऱ्याने पाहुणा पारखू नये, आधी दार उघडावं," ती शेजारच्या लांबीला म्हणाली. (उंचीने ती जेमतेम टेबलाला पुरायची, म्हणून सगळे तिला लांबी म्हणायचे.) "हे लिहिणाऱ्याच्या घरी माझी नणंद आली नसणार."

"ग्रंथाशी वाद घालतेस? पाप लागेल."

"वाद घातला तर कळतं गं. गप्प बसून ऐकलं की झोप येते."

पहिला फर्मा आपणहून सुटला होता. दुसरा तिने सोडवला. टाचणीने धागा उचलला, कात्रीचं टोक घातलं, हलकेच कापला. नाहीतरी शिलाई गेलीच आहे, शेवटी सगळा ग्रंथ एकदम नीट बांधून टाकू, असं स्वतःला सांगितलं. हात मात्र चोरासारखे चालले.

मग ग्रंथ घरभर झाला. एक फर्मा ओट्यावर डब्यांना टेकून, एक रेनकोटच्या खिशात, एक शिवणाच्या टोपलीत. रागाच्या अध्यायावर खळीचा अंगठा उमटला. जिथे पटलं नाही तिथे तिने पेन्सिलीने फुली मारली, नंतर पटलं तेव्हा खोडली, आणि कागद तिथे पातळ झाला. कधी नव्हे ते तिला समजत होतं. भांडी घासताना एखादी ओळ अचानक उलगडायची आणि ती नळ सुरू ठेवूनच उभी राहायची. आणि लगेच ग्रंथाचा रिकामा पुठ्ठा आठवायचा. तो तिने कपाटात साड्यांखाली ठेवला होता. कपाट उघडताना ती दुसरीकडे बघायची.

सासूबाईंचा फोन नवऱ्याने घेतला. "आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. दोन्हींवर पट्टी आहे. थोडे दिवस आपल्याकडे येतेय. म्हणते, धाकटीच्या तोंडून ग्रंथ ऐकायचाय. अगं, तुझा चेहरा का पडला?"

"कुठे? काही नाही."

घरातले कोपरे धुंडाळून तिने फर्मे गोळा केले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता टेबलाशी बसली. फुल्या खोडल्या. दुमडलेला एकेक कान उघडून पट्टीने दाबून सपाट केला. नवा धागा, मेण लावलेला. शिलाई अशी, की मालकानेही जाता जाता मान हलवली. खळ वाळल्यावर ती ग्रंथ घेऊन कटिंग मशीनपाशी गेली. शिवलेलं पुस्तक कड कापल्याशिवाय सोडायचं नाही, हे तिच्या हातात इतकं मुरलेलं होतं, की सवय आणि विचार यांत फटच नव्हती. पातं खाली आलं. कागदाची बारीक, कुरतडलेली पट्टी खालच्या डब्यात पडली. वर आली ती गुळगुळीत, पांढरीशुभ्र कड.

"नवरी दिसतेय," लांबी म्हणाली.

सासूबाई आल्या. हात धरून त्यांना पलंगावर बसवलं. पाणी पिऊन होतंय न होतंय तोच त्या म्हणाल्या, "आण."

धाकटीने ग्रंथ त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो नमस्कार करून उभा धरला आणि अंगठा कडेवरून सावकाश खाली आणला. मग परत वर नेला. परत खाली.

"हा माझा नाही."

"आई, तोच आहे," नवरा उत्साहाने म्हणाला. "हिने बांधून दिलाय. बघ तर खरं, म्हणजे हात लावून बघ, कसा नवा कोरा केलाय!"

"माझ्यासाठी केलंस?" सासूबाईंचा चेहरा तिच्याकडे वळला. पट्टीमुळे तो दोन बोटं चुकीच्या दिशेला वळला होता.

हो म्हटलं असतं तर विषय तिथे मिटला असता. वर कौतुक झालं असतं, थोरलीच्या कानावरही गेलं असतं. नवरा तर तोंड भरून हसतच होता.

"नाही," धाकटी म्हणाली. "मी तो उसवला होता, आई. एक फर्मा सुटला, बाकीचे मी कापले. मला बसून वाचता येत नाही. मी काम करता करता वाचला. स्वयंपाकघरात, कारखान्यात, उभ्याने. खळ लागलीय एका पानाला. तुम्ही येणार म्हणून परत शिवला."

नवऱ्याचं हसू जागच्या जागी राहिलं. सासूबाईंचा अंगठा कडेवर तसाच होता.

"आणि खुणा?"

"कसल्या खुणा?"

"कडेला नखाने टोकरलेलं होतं. कुठे कान दुमडलेले. पोरं लहान होती, हे परगावी, घरात माणसांचा राबता. मला गं कुठली एका जागी बसायची सवड? दूध उतू जाईपर्यंत जेवढं वाचून होईल तेवढं. जी ओळ कामाला आली, तिथे नख. अंगठा फिरवला की बरोबर तिथे उघडायचा. थोरली कशी वहीच्या रेघेसारखी सरळ. तू धडपडी. म्हणून तुला दिला. म्हटलं, हिला लागतील खुणा."

"मग मला बसून वाच म्हणालात ते?"

"माझ्या सासूने मला सांगितलं होतं, ते तुला सांगितलं. तसंच सांगायचं असतं ना!"

धाकटीच्या डोळ्यांसमोर डब्यात पडलेली ती बारीक पट्टी आली. तो डबा केव्हाच रद्दीत गेला होता.

"आई, कुठे कुठे होत्या सांगा. मी परत करते. एकेक करते."

"मला कुठे माहीत?" सासूबाई म्हणाल्या. "अंगठ्याला माहीत होतं."

नवरा उगाच रिकामा पेला घेऊन आत गेला. धाकटी रडली नाही. रडलं की समोरच्याला आपली समजूत काढावी लागते, आणि तेवढंही त्यांच्याकडून मागायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं.

ग्रंथ मांडीवर आडवा ठेवून सासूबाईंनी विचारलं, "कळला का पण?"

"पुष्कळसा पाठ आहे."

"पाठ पोपटालाही असतं. म्हण बघू."

तिने तोंड उघडलं. पहिली ओळ आली, दुसरी अडकली. हात मांडीवर मेल्यासारखे पडले होते. शेवटी ती ओशाळून म्हणाली, "मी जरा धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालू का? त्याशिवाय येत नाही."

"घाल."

ती घड्या घालू लागली आणि ओळी येऊ लागल्या. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या, कपड्याच्या प्रत्येक झटक्यासरशी किंचित मान हलवत. रागाचा अध्याय आला. "रागावलेल्याला उत्तर सुचतं, प्रश्न सुचत नाही."

"थांब. ही ओळ होती खुणेची. कुठे आहे, दाखव."

धाकटीने पान उघडून त्यांचं बोट ओळीवर टेकवलं आणि सवयीने कोपरा दुमडायला गेली, काटकोनात, टोकाला टोक लावून. सासूबाईंनी तिचा हात बाजूला केला.

"तू नको. तुझ्या हाताला सरळ करायची खोड आहे."

त्यांनी स्वतःच कडेला नख लावलं. नवी कड टणक होती, दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा कागद वेडावाकडा फाटला, हवा त्यापेक्षा जास्तच. धाकटीने तो आवाज ऐकला आणि हात पाठीमागे धरले.

"पुढे," सासूबाई म्हणाल्या. आवाजात माया होती की नाही, ते तिला ओळखू येईना. तिने पुढचा टॉवेल उचलला.