संहितेत नसलेलं वाक्य

मी प्रॉम्प्टर. विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुटपुटणारी बाई. पडदा पडल्यावर मी कुणाला आठवतही नाही, आणि त्याचं मला काही नाही. नट गप्प झाला, की तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय हे ओळखायचं, एवढंच माझं काम. मुद्दाम थांबलेल्याला वाक्य दिलं तर तो मला डोळ्यांनी खाऊन टाकतो. दुसरा नियम असा, की संहितेत नसलेला एक शब्दही द्यायचा नाही. तीस वर्षांत मी तो एकदाही मोडला नव्हता.

कोरोनाच्या साथीत आमचं थिएटर बंद झालं ते चौदा महिने. शेवटी दिग्दर्शकाच्या डोक्यात आलं, की प्रत्येकाने आपापल्या घरून, कॅमेऱ्यासमोर नाटक करायचं. या दिग्दर्शकाला आम्ही ‘घड्याळ’ म्हणतो, कारण प्रयोग अर्धं मिनिट लांबला तरी त्याचा जीव वरखाली होतो. मुख्य भूमिका माझ्या दादाची. माझा सख्खा मोठा भाऊ, सत्तरी ओलांडलेला, तिसऱ्या मजल्यावर एकटा राहणारा. दोन दिवस त्याला कणकण होती. “काही नाही गं, घसा बसलाय जरा,” म्हणाला. मी ते खरं मानलं, कारण प्रयोग मलाही हवा होता. आज हे कबूल करते.

रविवारी संध्याकाळी आम्ही सुरू केलं. शेवटच्या प्रवेशात दादा एकटाच. लॅपटॉपवर मला तो खुर्चीत दिसत होता, मागे त्याच्या घराचं दार, आतून कडी घातलेलं. फोनवरून माझा आवाज फक्त त्याच्या कानात. मुलाची वर्षानुवर्षं वाट बघणारा म्हातारा, असा तो प्रवेश. शेवटी दारावर थाप पडते आणि म्हातारा घाबरून दार उघडतच नाही.

बोलता बोलता दादाला धाप लागायला लागली. आमच्या ग्रुपवर लगेच कौतुक सुरू झालं. ‘काय दम लागल्याचा अभिनय! काटा आला अंगावर.’ ‘दादा म्हणजे दादा.’ मीसुद्धा खूश झाले, खोटं कशाला बोलू?

मग तो पहिल्या अंकातलं वाक्य बोलला. मी बरोबर वाक्य दिलं, त्याने ते घेतलं. पुढच्याच क्षणी तो वीस वर्षांपूर्वीच्या एका वेगळ्याच नाटकातलं बोलायला लागला. ते बाकी कुणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. त्याचे ओठ निळसर होते. इतका वेळ मी ते लाइटमुळे समजत होते.

‘हा अभिनय नाही. कुणीतरी त्याच्या घरी जा,’ मी ग्रुपवर लिहिलं.

‘सात मिनिटं राहिलीत,’ घड्याळाचं उत्तर. ‘तीनशे लोक बघतायत. संपू दे.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘खड्ड्यात गेले तुझे तीनशे लोक!’

दादाच्या मागच्याच गल्लीत राहणाऱ्या आमच्या नाटकाच्या लाइटवाल्याने लिहिलं, ‘निघालो. अँब्युलन्सलाही सांगितलंय.’

“दादा, ऐक,” मी कानात म्हणाले. “प्रयोग थांबव. दार उघड.” तो ढिम्म. प्रयोगात माझ्या आवाजात त्याला फक्त वाक्यं ऐकू येतात. मी म्हणजे संहिता, बहीण नाहीच. चार वेळा सांगितलं, ओरडून सांगितलं. तो खुर्चीत कलायला लागला होता.

तेवढ्यात दारावर धाडधाड थापा पडल्या. लाइटवाला पोचला होता. दादाने मान उचलली, क्षणभर ताठ बसला आणि अगदी बरोबर वाक्य बोलला. “नाही उघडणार. उघडलं की वाट बघणं संपलं.”

संहितेप्रमाणे आता त्याने डोळे मिटायचे होते. त्याने ते मिटले.

बाहेरून लाइटवाला खांद्याने दार ढकलत होता. दार जुनं, भक्कम. मी संहिता मिटली, घसा खाकरला आणि रोजच्या त्याच सुरात, सपाट, वाक्य दिलं.

“आलो. उघडतो.”

त्याने डोळे उघडले. कपाळाला आठी. “असं... नाहीये,” तो पुटपुटला.

“आलो. उघडतो,” मी पुन्हा दिलं. “म्हातारा उठतो. दाराकडे जातो. कडी काढतो.”

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तीस वर्षांत मी त्याला चुकीचं वाक्य दिलं नव्हतं, त्याच भरवशावर तो उठला. “आलो,” म्हणाला. भिंतीला धरत चार पावलं गेला. कडीशी झटापट करणारा त्याचा हात मला दिसत होता. कडी सरकली. लाइटवाला आत घुसला आणि कोसळणाऱ्या दादाला त्याने धरलं. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘शेवट कधी बदलला?’

एकोणीस दिवसांनी हॉस्पिटलमधून दादाचा फोन आला. आवाज नुसता खरखर.

“ते वाक्य संहितेत नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग दिलंस कसं?”

“मला तू हवा होतास,” मी म्हणाले.

पलीकडे शांतता. लांबच लांब. तो विसरला नव्हता, रडत होता. मी वाक्य दिलं नाही.