ट्रिमच्या चाकाची न घेतलेली साक्ष

मित्रांनो, मी एक जुनं चाक आहे. गाडीचं नव्हे आणि सायकलचंही नव्हे. बशीएवढा माझा घेर आणि माझी जागा लढाऊ विमानात, वैमानिकाच्या डाव्या हाताशी. मला ट्रिमचं चाक म्हणतात. उडताना विमानाचं नाक कधी वर ओढ घेतं, कधी खाली. ते हातातल्या सुकाणूच्या दांड्याने सारखं आवरून धरताना वैमानिकाचं मनगट भरून येतं. मला थोडं फिरवलं की माझ्या तारा शेपटीवरची एक लहानशी पट्टी हलवतात आणि ओढ नाहीशी होते. मग दांडा सोडून सँडविच खाल्लं तरी चालतं. काम एवढंच, पण मला त्याचा फार अभिमान होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत मी एका कारखान्यात तयार झालो आणि इंग्लंडात केंटमधल्या एका हवाई तळावर आलो. तिथे माझी देखभाल एनिड थॅक्रेकडे होती. यॉर्कशायरच्या धोबिणीची ही मुलगी, वय बावीस. रोज सकाळी ती मला पूर्ण पुढे फिरवायची, पूर्ण मागे फिरवायची, मग मधोमध आणून ठेवायची आणि विमानाच्या वहीत सही करायची. तळावर स्वतःच्या सहीने विमान उड्डाणाला सोडणारी ती पहिलीच मुलगी. ती सही मिळवायला तिने दोन वर्षं पुरुषांचे टोमणे ऐकले होते.

आमचा वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट रूपर्ट ओल्डरिज. देखणा, हसरा माणूस. माझा त्याच्यावर जीव होता, हे आज सांगायलाही लाज वाटते.

"एनिड, हे चाक आहे की तुझ्या आईचं कपडे पिळायचं यंत्र?" एक दिवस तो म्हणाला. "जरा सैल कर की."

"ते फिरवायला मनगट लागतं, साहेब. नुसत्या मिशीने नाही फिरत."

"अगं, एका बोटाने फिरलं पाहिजे. तिकडे वर जिवाशी खेळ असतो."

"मग वहीत लिहिते. खाली तुमची सही करा."

"लिहिलंस की इंजिनियर साहेब लगेच घट्ट करायला लावणार. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

एनिडने पाना घेतला आणि मला आवळून धरणारा नट अर्धा फेरा सैल केला. वहीत मात्र तिने काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ओल्डरिजने तिला चॉकलेटचं अख्खं पाकीट दिलं. "माझं चाक माझ्या बोटाचं ऐकतं," असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा. मी फुलून जायचो.

मग जूनमधली ती दुपार आली. शत्रूच्या विमानामागे लागून त्याने नाक खाली घातलं आणि आम्ही समुद्राकडे सुसाट निघालो. अशा वेळी नाक वर आणायचं ते दांडा हळूहळू ओढून. मला हात लावायचा नाही, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. पण पाणी जवळ आलं आणि तो घाबरला. त्याने मला दोन फेरे मागे खेचलं. नाक असं उसळलं की पंखांचा पत्रा चुरगळला. जीव वाचला. विमान मात्र तळावर उतरलं ते भंगारात जाण्यासाठीच.

चौकशी हँगरमध्येच झाली. इंजिनियर साहेबांनी मला एका बोटाने फिरवून पाहिलं.

"हे तर सैल आहे. ओल्डरिज, तुम्ही याला हात लावला होता?"

"नाही, सर. चाक आपोआप सरकलं."

एनिड पुढे सरसावली. "साहेब, तुम्हीच तर सैल करायला सांगितलंत!"

"मी? मला असं काही आठवत नाही." तो आपल्या हातमोज्यांकडे बघत होता.

"वहीत आहे का कुठे?" इंजिनियर साहेबांनी विचारलं. वहीत नव्हतं. होती ती फक्त एनिडची सही.

मित्रांनो, त्या दोन फेऱ्यांचा साक्षीदार एकटा मी होतो आणि मला तोंड नव्हतं. उलट माझा सैलपणाच तिच्याविरुद्ध पुरावा ठरला. एनिडचा सहीचा अधिकार काढून घेतला आणि तिला बटाटे सोलायला स्वयंपाकघरात पाठवलं. जाण्याआधी ती मोडक्या विमानात चढली, मला मधोमध आणून ठेवून निघून गेली. ज्याच्या बोटाचं मी ऐकत आलो, त्यानेच आम्हा दोघांचा गळा कापला होता.

पुढे कित्येक वर्षं मी एका खोक्यात पडून होतो. मग एका छोट्या संग्रहालयाने मला विकत घेतलं आणि सिम्युलेटरवर बसवलं. हे विमान जमिनीवरच उडतं. समोर पडदा असतो आणि कोणी काय कधी फिरवलं, त्याची रेघ उड्डाणानंतर पडद्यावर उमटते. संग्रहालयाच्या क्लाइव्हने मला उत्तम तेलपाणी केलं. मी खूश होतो.

एका शनिवारी पाहुणे आले ते ओल्डरिजच. केस पांढरे झालेले, छातीवर पदकं. शाळेच्या मुलांना ते सांगत होते, "मेकॅनिक पोरीने चाक सैल ठेवलं होतं, तरी मी विमान परत आणलं!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रात्यक्षिक दाखवायला ते माझ्याशेजारी बसले. पडद्यावरचा समुद्र जवळ आला आणि त्यांचा डावा हात आपसूक माझ्यावर पडला. दोन फेरे, मागे.

पडद्यावर रेघ उमटली. जेम्मा नावाची एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, "आजोबा, पण चाक तर तुम्हीच फिरवलंत!"

क्लाइव्ह ओशाळून हसला. "अगं, या जुन्या चाकाचं काही खरं नाही. कधी कधी आपोआप सरकतं ते."

मी वाट बघत राहिलो. एनिड कुठे होती, होती की नव्हती, मला ठाऊक नव्हतं. पण तिचं नाव धुऊन निघायला या माणसाचं एक वाक्य पुरलं असतं. त्यांची बोटं अजून माझ्यावरच होती.

"हो ना," ओल्डरिज म्हणाले. "तेव्हाही अगदी असंच झालं होतं."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं आम्ही शेवटी सांगावं अशी रीत आहे. मला तेल वेळेवर मिळतं, माझी तक्रार नाही. मागणं एकच आहे. तुमच्या हातून काही बिघडलं, तर हात माझा होता एवढं म्हणा. वस्तूवर ढकलू नका. आम्हाला काय, बोल लागला तरी आम्ही खोक्यात पडून राहू. पण प्रत्येक वस्तूमागे कोणीतरी सही केलेली असते.