दाजींची नऊ लाल नखं

माझे दाजी खामसिंग दुपारच्या झोपेतून उठले की त्यांचं काळीज असं धडधडायचं, की खांबांवरच्या घराखाली बसलेल्या कोंबड्या अर्धं अंडं टाकून पळायच्या. देवळातले भिक्खू तर तो जेवणाचा ढोल समजून, दुपारनंतर न जेवण्याचा नेम मोडून, दोनदा ऊन कलल्यावर जेवायला बसले. खोटं वाटत असेल तर थोरल्या भिक्खूंना विचारा. नाही म्हणतील, पण कान लाल होतील.

गावाचं निदान एकच: विधवेचं भूत. आमच्या मून नदीकाठी ती झोपलेल्या पुरुषाच्या छातीवर बसते आणि त्याला नवरा करून घेऊन जाते. उपायही ठरलेला. दारावर लाल सदरा टांगायचा, नखं लाल रंगवायची. मग ती बाईमाणूस समजून पुढच्या घरी जाते. गेल्याच महिन्यात पलीकडचा थोंगदी झोपेतून उठलाच नव्हता. दाजींनी दहाही नखं रंगवली. धडधड थांबेना, तेव्हा त्यांनी झोपणंच सोडलं. डोळा लागू नये म्हणून दिवसाला सहा बाटल्या एनर्जी ड्रिंक! बसल्या बसल्या डुलकी लागायची, दचकून जागे व्हायचे, की ढोल सुरू.

सातवी बाटली उघडली तशी माझी बहीण, बुआला तिचं नाव, कडाडली, "भुताच्या आधी मीच नेते तुला, म्हाताऱ्या. चल दवाखान्यात!"

मी दोघांना हातट्रॅक्टरच्या गाडीत घातलं. गावच्या दवाखान्यातल्या नर्सने, रत्चनीने, दाजींच्या बोटाला ठोके मोजायचा चिमटा लावला. आकडा येईना. नुसत्या दोन रेघा.

दाजी पांढरे पडले. "गेलो! यंत्रालाही मी सापडत नाही."

"मेलेला माणूस एवढा ओरडत नाही, मामा. रंगामुळे यंत्राला दिसत नाही. एक नख पुसू द्या."

"छे! तेवढ्या एका नखाला धरून ओढेल ती."

"ओढू दे की," बुआला म्हणाली. "एक रात्र तुझं घोरणं ऐकलं की परत आणून सोडेल." मग जरा खालच्या आवाजात, "ते बोट मी धरून बसेन. पुसू दे."

दाजींनी डोळे मिटून करंगळी पुढे केली. आकडा आला: एकशे चोवीस.

"झोप नाही, पाणी नाही, वर या बाटल्या. कुणाचंही धडधडेल," रत्चनी म्हणाली. "बाटल्या बंद. धडधडलं तर उठून बसा, पाणी प्या, श्वास सावकाश सोडा. पण उद्या मोठ्या इस्पितळात छातीच्या ठोक्यांचा आलेख काढायचाच. घोरणंही सांगा त्यांना. झोपेत श्वास अडकला तरी माणूस असा दचकून उठतो. आणि छातीत दुखलं, चक्कर आली, तर भुताची वाट बघू नका, इकडे या."

आलेख ठीक निघाला. घोरण्याच्या तपासणीची तारीख मिळाली. तरी दाजी आडवे व्हायला तयार नव्हते. दहाव्या दिवशी दुपारी भात खाता खाताच कलंडले. नऊ नखं लाल, दहावं बुआलाच्या मुठीत. मी जिन्यावर बसून कोंबड्यांवर नजर ठेवली.

दोन तासांनी दाजींनी डोळे उघडले. माझाच श्वास अडकला. खाली एकही कोंबडी हलली नाही.

"आली होती का गं ती?" दाजींनी हळूच विचारलं.

"आली होती ना एक बाई," बुआला म्हणाली. "दोन तास बोट धरून बसलीय. हाताला मुंग्या आल्या. आता तूही माझा हात सोड."

दाजींनी काही तो सोडला नाही.