फोर्कमधलं तेल

दीड वर्ष ती सायकल मागच्या खोलीत चादरीखाली उभी होती, आणि दीड वर्ष तिने सख्ख्या भावाचं तोंड पाहिलं नव्हतं. दोन्हींचं कारण एकच. डोंगरउतारावर एका उडीनंतर तिचा नवरा हँडलवरून पुढे फेकला गेला, मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. आठच दिवस आधी त्या सायकलच्या पुढच्या फोर्कची, म्हणजे चाक धरून आत दबत धक्के झेलणाऱ्या दोन नळ्यांची, सर्व्हिसिंग तिच्या भावाने आपल्या दुकानात करून दिली होती.

इस्पितळात शुद्धीवर आल्यावर नवरा पहिल्यांदा बोलला ते हेच. "फोर्क दबलाच नाही. तुझ्या दादाने आत तेलच घातलं नव्हतं."

"घातलं होतं," दादा एवढंच म्हणाला. नवऱ्याने त्याला नाही नाही ते बोलून खोलीबाहेर काढलं. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघायचं बंद झालं. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. दिवस तिथे जायचा, उरलेला नवऱ्याला कुशीवर वळवण्यात आणि लघवीची पिशवी बदलण्यात. दादाला मुलगी झाली तेव्हाही ती गेली नाही. ज्याचं अर्धं शरीर गेलंय त्याच्याशी भांडायचं तरी कुठल्या तोंडाने?

एका रविवारी सकाळी तिने धीर केला. "दादाला एकदा बोलवू या का?"

तिला वाटलं होतं, आता हा कप भिरकावणार. पण तो शांतपणे म्हणाला, "बोलव की. पण आधी तो फोर्क उघडायचा. आत काय आहे त्याचे फोटो त्याला पाठवायचे. मग ये म्हणावं."

"उघडणार कोण?"

"तू. मी सांगतो तसं करत जा."

तिने चादर काढली. त्या दिवसाचा चिखल तसाच घेऊन सायकल भिंतीला टेकून उभी होती. नवरा चाकाच्या खुर्चीत बसून सांगू लागला. "हँडल धरून अंगाचा भार टाक." तिने टाकला. फोर्क जेमतेम बोटभर हलला.

"दिसलं? कोरडा ठणठणीत!" त्याचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला.

मग तिने पुढचं चाक काढलं, ब्रेक सोडवला, फोर्कमधली हवा सोडली. फोर्कच्या प्रत्येक पायाच्या, म्हणजे नळीच्या, तळाशी एक बोल्ट होता. ते थोडे सैल करून तिने रबरी हातोडीने खालून ठोकलं. दादा दुकानात हे करायचा तेव्हा म्हणायचा, "फोर्क म्हणजे सायकलचे गुडघे. म्हातारीच्या गुडघ्यांआधी यांना तेल चोळायचं." तिला हसू आलं नाही. तिने प्रत्येक पायाखाली एकेक तसराळं ठेवलं आणि बोल्ट पूर्ण काढले.

तेल आलं. आधी डाव्या पायातून, मग उजव्या. मधासारखं, स्वच्छ.

नवरा तसराळ्यांवर वाकला. "मोज."

तिने सिरिंजमध्ये ओढून घेतलं. औषधं मोजण्यात तिचा हात बसलेला होता. "डावीकडचं नऊ मिली. उजवीकडचं आठ."

"परत मोज."

तिने परत मोजलं. खालचे पाय ओढून काढले, आतल्या फोमच्या रिंगा दाबल्या, तर बोटं चिकट झाली. म्हणजे लागतं तेवढं, दहा-दहा मिली, तेल घातलेलं होतं; थोडं रिंगांनी प्यायलं होतं. फोटो कुणी काढला नाही.

"तू आत्ता काही ओतलंस?" त्याने विचारलं.

"कुठून ओतणार? तेलाची नवी बाटली तर तुमच्या मांडीवर आहे."

त्याने बाटली तिच्या हातात दिली. मग म्हणाला, जोडून टाक. तिने सील पुसले, रिंगा भिजवल्या, नवीन तेल भरलं, बोल्ट आवळले, पंपाने हवा भरली. पुन्हा हँडलवर भार टाकला. फोर्क तसाच, काठीसारखा.

"हवा जास्त झाली असेल," तो म्हणाला आणि खुर्ची पुढे सरकवून वाकला. उजव्या पायाच्या डोक्यावर एक छोटासा काळा खटका होता. त्याचा हात तिकडे गेला आणि मध्येच थांबला.

"हा तू फिरवलास?"

"मी हातही लावला नाही. काय आहे ते?"

"चढावर फोर्क दबू नये म्हणून हा बंद करतात," तो शेवटी म्हणाला. "वर पोचलं की उघडायचा असतो."

त्याने खटका फिरवला. तिने भार टाकला. फोर्क मऊपणे खाली गेला आणि वर आला. तिने विनाकारण पुन्हा एकदा दाबला.

"चादर टाक त्यावर," तो म्हणाला.

ओट्यापाशी उभं राहून तिने दादाला फोन लावला. तिकडे यंत्रांचा खडखडाट होता.

"दादा, आज आम्ही फोर्क उघडला. तेल होतं."

"किती?"

"नऊ आणि आठ."

खडखडाट लांब गेला. तो बाहेर आला असावा. "एकेका पायात?"

"हो रे. एकीकडे नऊ, दुसरीकडे आठ. खटका बंद राहिला होता. त्यांच्याकडूनच."

"ठमे, मला पक्कं आठवत होतं घातल्याचं," तो हळूच म्हणाला. "पण रोज आठवून आठवून ते आठवणंच खोटं वाटायला लागलं. नंतर प्रत्येक फोर्क तीन-तीनदा उघडून बघायचो. गिऱ्हाइकं किती थांबणार? आठ महिने झाले, दुकान देऊन टाकलं. आता इथे कारखान्यात खोकी बांधतो."

"घरी ये ना."

"आत्ता नको गं. खरंच नको. शिफ्ट आहे." आणि फोन बंद झाला.

चार वाजता नवऱ्याला कुशीवर वळवायची वेळ झाली. ते करताना तिने सगळं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता.

"मी बोलू त्याच्याशी?"

"बोलायलाच हवं. पण तो लगेच ऐकेल असं धरू नका."

"आणि तू?"

तिने त्याच्या गुडघ्यांमध्ये उशी ठेवली, ती सरकत नाही ना हे पाहिलं. "पुढच्या रविवारी मी त्याच्याकडे जाणार आहे. पोरीला बघायला. दिवसभर. तुमचं करायला एक बाई बघून ठेवते."

त्याने मान हलवली. ती मोरीवर जाऊन हात धुऊ लागली. तेल नखांत गेलं होतं, लवकर निघेना.