उजव्या भिंतीचे उंदीर

राग गिळून टाकणं मावशींना कधी जमलंच नाही. कोणी विचारलं असतं तर त्यांनी तसं तोंडावर सांगितलंही असतं, पण उंदीर सांभाळणाऱ्या बाईला असलं काही कोण विचारतंय? संशोधन संस्थेच्या तळघरात उंदीरघर होतं आणि एकोणीस वर्षं ते मावशींच्या हातात होतं. वरच्या मजल्यांवरचे सगळे त्यांना मावशीच म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. पिंजरे बदलायचे, ताजा भुसा घालायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, पिल्लं मोजायची आणि कुठला उंदीर अंग फुगवून कोपऱ्यात बसलाय ते सगळ्यांच्या आधी ओळखायचं. हे काम आपल्याला येतं, आणि इथे दुसऱ्या कोणाला येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी उंदीरघरात रोग शिरला. सर त्या दिवशी दुसऱ्या एका संस्थेतले उंदीर बघून थेट इथे आले होते, त्याच बुटांनी. सर म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. मावशी दारातच म्हणाल्या, "सर, बूट." सर म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे," आणि तसेच आत गेले. दहा दिवसांत उंदीर सुकायला लागले. चौकशी बसली, तेव्हा सरांनी लिहून दिलं की उंदीरघरातली बाई हात न धुता पिंजऱ्यांना हात लावते. तेवढ्यावर न थांबता संचालक बाईंसमोर, भरल्या बैठकीत म्हणाले, "स्वच्छतेची सवय घरातूनच यावी लागते." मावशींकडून किल्ली काढून घेतली आणि त्यांना वर्षभर बाटल्या धुवायला बसवलं. त्याआधी, रोग आणखी पसरू नये म्हणून, चारशे बारा उंदीर मारायचे होते. ते मात्र मावशींनाच करायला लावलं, कारण त्यांच्या हाताने उंदराला कळायच्या आत काम होतं. दोन दिवस लागले.

पुढे नव्या माणसाच्या हाताखाली पिल्लं जगेनात, तेव्हा किल्ली निमूटपणे परत आली. माफी काही आली नाही.

"अजून किती वर्षं डोक्यात घेऊन बसणार आहेस?" मावशींचा नवरा विचारायचा. तो बस चालवून निवृत्त झालेला, रस्त्यावर रोज शंभर जणांच्या शिव्या खाऊन घरी हसत येणारा माणूस.

"माझं डोकं आहे. तुमच्याकडे भाडं मागितलंय का?" मावशी म्हणायच्या, आणि तो चहा ओतून घ्यायचा.

सरांचा विषय होता शरीराची राखण करणाऱ्या पेशी. एकोणीस वर्षं कानावर पडून पडून मावशींना तो बऱ्यापैकी कळत होता. शाळा सोडून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांसारख्या या पेशी आधी कच्च्या असतात. पुढे कोणी शांत निघते, तर कोणी भडक माथ्याची. भडक माथ्याच्याही लागतातच, आतड्याच्या भिंतीवर पहारा त्याच देतात. पण त्या फार झाल्या की घरच्यांवरच हात टाकतात, मग आतडं सुजतं आणि रक्त पडायला लागतं. सरांचा शोध असा, की कच्च्या पेशीला भडकवण्याचं काम एक ठरावीक जनुक करतं. ते जनुक काढून टाकलेल्या उंदरांना आतडं सुजवणारी पूड पाण्यातून पाजली तरी ते ठणठणीत राहायचे. साधे उंदीर तीच पूड पिऊन आठ दिवसांत अर्धे व्हायचे. सरांची छायाचित्रं छापून आली, मोठी पदं दारात येऊन उभी राहिली. त्या जनुकाला गप्प बसवणारी गोळीही तयार झाली होती. पुढच्या महिन्यापासून ती आजारी माणसांना देऊन बघायची होती.

साधे उंदीर डाव्या भिंतीला असायचे, जनुक काढलेले उजव्या. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले. रोगाच्या प्रकरणानंतर सरांनीच नियम घालून दिला होता, की डावीकडच्या भुशाचा कणही उजवीकडे जाता कामा नये. मावशींनी तो तंतोतंत पाळला.

मग एकदा उजव्या भिंतीची एक मादी पिल्लं टाकून मेली. तीन पिल्लं उरली, नखाएवढी आणि उघडी. उजवीकडे दूध पाजणारी दुसरी मादी नव्हती. मावशींनी ती डावीकडच्या एका लेकुरवाळीच्या पोटाशी सरकवली, कार्डावर तसं लिहिलं आणि सहीही केली. पिल्लं मोठी झाली. सरांच्या माणसांनी त्यांना पूड पाजली आणि तिन्ही आजारी पडली, अगदी साध्या उंदरांसारखी.

मावशी कार्ड घेऊन चौथ्या मजल्यावर गेल्या. "सर, या तिघांत ते जनुक नाही. तरी आजारी पडले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. डावीकडच्यांच्या पोटातलं काहीतरी यांच्या पोटात गेलं असणार. मला वाटतं जनुकाचं काही नाही, ते पोटातल्या जंतूंचं आहे."

सरांनी कार्डाकडे बघितलंही नाही. "मावशी, कार्डांची अदलाबदल झाली असेल. तुमच्या हातून काय काय होतं ते आम्ही बघितलंय ना? टाकून द्या ते तिघे."

मावशी जिना उतरल्या, त्या मनाशी ठरवूनच.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी पिंजरे बदलायचे असत. त्या मंगळवारी मावशींनी डावीकडच्या पिंजऱ्यांतला वापरलेला भुसा, लेंड्यांसकट, एका डब्यात काढला आणि उजव्या भिंतीच्या खालच्या ओळीतल्या सहा पिंजऱ्यांत मूठ मूठ टाकला. वरच्या ओळींना हात लावला नाही. सहा कार्डांच्या कोपऱ्यात पेन्सिलने ठिपका दिला. तीन आठवडे हे चाललं. सरांचं खरं असेल तर या सहा पिंजऱ्यांतल्या चोवीस उंदरांना काही व्हायला नको होतं. नसेल, तर सरांचं तोंड बघण्यासारखं होणार होतं. मावशींनी हे आजारी माणसांच्या भल्यासाठी केलं असं म्हणायला ठीक आहे, पण ते खोटं होईल. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त सरांचं तोंड होतं.

ठरल्याप्रमाणे पूड सुरू झाली. वरच्या ओळी ठणठणीत राहिल्या. खालच्या ओळीतले चोवीसच्या चोवीस उंदीर नवव्या दिवशी पाठ वाकवून बसले होते आणि भुशावर रक्त दिसत होतं.

निरोप मिळताच सर धावत आले. या वेळी बुटांवर कव्हर, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, सगळं जागच्या जागी होतं.

"हे कसं झालं?"

"मी केलं," मावशी म्हणाल्या, आणि भुशाचा डबा दाखवला.

सरांचा आवाज चिरकला. "तुम्हाला आजच्या आज काढून टाकतो."

"टाका की. पण कारण लिहावं लागेल. काय लिहाल? मावशींनी मूठभर घाण टाकली आणि उंदीर आजारी पडले? मग इतकी वर्षं तुमचं जनुक काय करत होतं, असं संचालक बाई विचारतील."

सर स्टुलावर बसले. त्या खोलीत बसलेले सर मावशींनी प्रथमच पाहिले, आणि डोळे भरून पाहिले.  मग सर मऊ आवाजात म्हणाले, "काय हवंय तुम्हाला?"

"बूट. सोमवारच्या बैठकीत, सगळ्यांदेखत सांगायचं. रोग कोणी आणला, आणि आळ कोणावर घातला."

"आणि हे उंदीर?"

"भुशाबरोबर जातील. कोणाला कळायचं नाही."

सरांनी हिशेबी डोक्याने विचार केला. दोन वर्षांपूर्वीचे बूट कबूल केल्याने त्यांचं फार तर थोडं हसं होणार होतं. शोध शाबूत राहणार होता. त्यांनी मान डोलावली.

सोमवारी बैठकीची खोली भरलेली होती. मावशी दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. सर उठले आणि खाकरून बोलले. भाषा गुळगुळीत होती, पण वाक्यं सगळी आली. बूट त्यांचे होते, मावशींनी दारात अडवलं होतं, चूक मावशींची नव्हती. त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. माना वळल्या. दोन वर्षं खाली मान घालून समोरून जाणारे लोक आता मावशींकडे बघत होते. कोणीतरी हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.  सरांनी त्यांच्याकडे बघून किंचित मान तुकवली. झालं ना तुमच्या मनासारखं, अशा अर्थाची.

मावशी उठल्या. "मलाही सांगायचंय," म्हणाल्या, आणि पिशवीतून ठिपक्यांची सहा कार्डं काढून संचालक बाईंपुढे ठेवली.

सगळं सांगायला दहा मिनिटं लागली. सर मधे दोनदा उठले आणि दोनदा बसले. संचालक बाईंनी कार्डं उलटसुलट करून पाहिली, आणि मग सरांना एकच प्रश्न विचारला. दोन्हीकडचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवून कधी बघितलं होतं का? सर म्हणाले, नाही. गोळी थांबवायची ठरली, आणि प्रयोग दुसऱ्या माणसाकडून पहिल्यापासून करून घ्यायचा.

"मावशी, चालू प्रयोगात परस्पर हात घातलात. तुम्हाला ठेवता येणार नाही. कळतंय ना?" संचालक बाई म्हणाल्या.

"कळतंय. किल्ली संध्याकाळी देते."

सरांनी त्यांना जिन्यात गाठलं.  "आपलं ठरलं होतं. मी माझा शब्द पाळला."

"पाळलात. मी नाही पाळला."

"पण का? तुम्हाला हवं होतं ते मिळालं होतं."

"मीही एकदा विश्वासाने खरं सांगायला तळघरातून चौथ्या मजल्यावर तुमच्याकडे चढून आले होते. समोरच्याने तोंडघशी पाडलं की कसं वाटतं, ते तुम्हाला कळायला हवं होतं." मावशी वाट काढून खाली गेल्या.

चोवीस उंदरांची आतडी तपासायला पाठवायची होती, म्हणजे आधी त्यांना संपवायला हवं होतं. मावशींच्या जागी नेमलेला माणूस लांबूनच बघत उभा होता. मावशींनी त्याला बाहेर पाठवलं. हातमोजे चढवून त्या खालच्या ओळीसमोर बसल्या. पहिला उंदीर हातात घेतला तर तो कागदासारखा हलका लागला. तरी नेहमीच्या सवयीने त्याने त्यांचं बोट हुंगलं. मागच्या वेळी दर उंदरामागे त्यांनी सरांना शिव्या घातल्या होत्या, आणि त्यामुळे हात चालला होता. या चोवीसांना त्यांनीच आजारी पाडलं होतं, या वेळी शिव्या द्यायला दुसरं कोणी नव्हतं. पहिला उंदीर हातात धरून मावशी बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या.