आमच्या ह्यांची आखणी

आमचे हे, काळुराम पाटील, रोह्याला वर्षानुवर्षं कायदा शिकवायचे आणि घरी पेणला तो पाळायचे. आमटी खारट झाली तरी आधी मला म्हणणं मांडायची संधी, मग तोंड वाकडं. "दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही," हे त्यांचं पालुपद. पुढे हे विद्यापीठात कुलसचिव झाले. गाडी आली, शिपाई आला, आणि माणूस फायलींत बुडाला. वर्गावाचून त्यांना करमत नसे, पण कबूल करतील तर शपथ.

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर माझ्या भावाची सरू कॉपीच्या आरोपात सापडली. पेणजवळच जोह्याला भावाचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, आणि मूर्तींच्या डोळ्यांची आखणी सरूकडे. डोळा आखण्याआधी ब्रशचं टोक मनगटावर चार रेघा ओढून बघायचं, ही तिथल्या सगळ्यांचीच सवय. पोरगी कारखान्यातून उठून तशीच कायद्याच्या पेपरला गेली. मनगटभर काळ्या बारीक रेघा बघून पर्यवेक्षकांना ती गुप्त लिपी वाटली. त्यांनी फोटो काढून विद्यापीठात पाठवला. शिक्षा झाली तर वर्ष बुडणार, आणि वर्ष बुडालं तर कॉलेज बंद, असं भावानं तिला बजावलं होतं.

चौकशी समितीचे अध्यक्ष आमचे हेच, म्हणून मी निश्चिंत होते. तर हे जेवताना म्हणाले, "सरू घरची. त्या खुर्चीत मी बसणार नाही. दुसऱ्यांना सांगितलंय."

माझं डोकंच फिरलं. "गावाला न्याय देता, नि घरची पोर वाऱ्यावर सोडता व्हय? असला कायदा नाय मला कलत!"

हे हात धुवायला उठले. मी अबोला धरला.

चौकशीच्या दिवशी पहाटेच हे गायब. मी एकटीच सरूला घेऊन विद्यापीठात गेले. बघते तर दालनाबाहेर हे उभे, अंगात शिकवतानाचा जुना काळा कोट. "विद्यार्थ्याला सोबत एक माणूस आणता येतो," म्हणाले. "आज रजा टाकलीय."

आत काय झालं ते सरूनं नंतर सांगितलं. हे आपल्याच टेबलाच्या अलीकडे, सरूशेजारी बसले आणि विचारलं, "रेघा कसल्या, हे तिला कोणी विचारलंय का?" कोणीच विचारलं नव्हतं. सरूनं सांगितलं. समितीतले एक सर हसले, "ही सबब झाली." तेव्हा ह्यांनी कोटाची बाही वर केली. फोटोतल्यासारख्याच काळ्या रेघा, मनगटभर.

"सकाळी जोह्याला बसून ओढल्यात. वाचून दाखवा."

कोणालाच वाचता येईना. सरू सुटली.

बाहेर आले तेव्हा ह्यांचा चेहरा, तास चांगला झाला की असायचा, तसा होता. कित्येक वर्षांनी बघितला मी तो. मला रडूच आलं.

संध्याकाळी सरूला सोडायला जोह्याला गेलो. भाऊ डोक्याला हात लावून बसलेला. रेघा ओढून ह्यांचं भागलं नव्हतं, एका मूर्तीचे डोळेही आखून ठेवले होते. एक वर, एक खाली.

"भावोजी, ह्यो कोन घेनार नाय," म्हणत भावानं पुसायला फडकं उचललं. हे खाली मान घालून उभे.

"थांब रे," मी म्हटलं. "माझी बाजू कोनी ऐकली? ह्यो आमच्या घरी बसंल."

आणि तोच बसला.