शेपटीतल्या चिरा

शनिवारी आमच्या विमान शिकवणाऱ्या शाळेत एक शिकाऊ मुलगी विमान उतरवत असताना जरा दणका बसला, म्हणून सोमवारी मिस्त्रीनं शेपटीचं झाकण उघडलं. मिस्त्री म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. बॅटरी आत धरून तो बराच वेळ वाकूनच राहिला.

"दाजी, इकडे या."

आतल्या आडव्या पट्टीला दोन चिरा गेल्या होत्या, केसाएवढ्या.

शाळा चालवणाऱ्या मोठ्या सरांनी मुलीला शेडमध्येच बोलावलं. "शेपटी जमिनीला घासली आणि तू लपवलंस."

"नाही सर. टेकलीच नाही."

"मग काय उंदरांनी कुरतडली?"

आमच्या शाळेत चूक झाली तर माफ होती, लपवली तर नाव कमी. गुरुवारी तसा कागद निघणार होता. मुलगी पायरीवर बसून राहिली. आईला काय सांगू, असं तिनं मला विचारलं. मी विमानं ढकलणारा म्हातारा, मी काय सांगणार?

बुधवारी दुसरं विमान बाहेर काढत होतो. शेड अरुंद. ओढायचा दांडा आहे, पण तो लावा, काढा, एवढा खटाटोप कोण करतो? शेपटीवर दोन्ही तळवे ठेवून भार टाकला की नाक उचलतं आणि विमान जागच्या जागी फिरतं. बावीस वर्षं असंच फिरवत आलो. त्या दिवशी तळव्याखाली पत्रा करकरला, आत ती आडवी पट्टी असते तिथंच. नेहमीच करकरत असणार. मी हात काढून घेतले, तसं नाक धपकन खाली आलं.

मिस्त्रीला सांगितलं. तो पाना पुसत होता, पुसतच राहिला.

"हे तोंडातून काढू नका दाजी. मीही दाबतो, सरही दाबतात. आणि तपासलं म्हणून दर वेळी सही कुणाची?"

"तुझी."

"झाकण न उघडता केलेली. त्या पोरीला दुसरी शाळा मिळेल. मला या वयात दारात कोण उभं करील?"

"ती खोटी ठरेल रे."

"आणि मी कोण ठरेन?"

घरी बायकोला काही बोललो नाही. ताट तसंच सरकवलं. दात दुखतो म्हणालो.

गुरुवारी सकाळी सरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. "बावीस वर्षं मोडली नाही ती आत्ताच मोडली?"

"कधी मोडली ते कुणी पाहिलंय सर? उरलेल्या दोन्हींची झाकणं उघडा."

उघडली मिस्त्रीनंच, माझ्याकडे न बघता. दोन्हींत चिरा होत्या. एकात तर तीन.

मुलीचा कागद सरांनी फाडला. पण तिन्ही विमानं थांबली ती थांबलीच. महिन्याभरात शाळेला कुलूप लागलं. मिस्त्रीचा परवाना त्याआधीच गेला होता.

मुलगी वही न्यायला आली होती. "काका, तुम्ही बोललात म्हणे."

"बोललो."

तिनं विमानांकडे एकवार पाहिलं आणि वही पिशवीत घातली. "आईला सांगितलं मी, माझी चूक नव्हती म्हणून," एवढं म्हणाली आणि गेली.

मिस्त्री आता आमच्याकडे येत नाही. बायको ताट वाढते, पाण्याचा तांब्या ठेवते आणि भिंतीकडे तोंड करून बसते.